पुरूला विचारलं होतं

१४ डिसेंबर १८६१ रोजी विंडसरच्या किल्ल्यात प्रिन्स आल्बर्टचं निधन झालं, तेव्हा त्याच्या नऊ मुलांतलं शेंडेफळ असलेली बिअॅट्रिस पाच वर्षांचीही नव्हती. त्याची पत्नी, इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया, ४२ वर्षांची होती. त्या दिवसापासून २२ जानेवारी १९०१ ला ऑस्बोर्नच्या वाड्यात प्राण सोडीपर्यंत राणीनं वैधव्याचा काळा पेहराव सोडला नाही, आणि या ३९ वर्षांत तिच्या सर्वांत जवळ, अगदी हाताशी राहिली ती ही धाकटी मुलगी. थोरल्या चौघी एकेक करून संसाराला लागल्या. व्हिकी वडील हयात असतानाच, १८५८ मध्ये, प्रशियाला गेली. अॅलिस १८६२ मध्ये हेसेला. हेलेनाचं लग्न १८६६ मध्ये झालं, पण आईच्या जवळपासच राहायचं या अटीवर. लुईसचं १८७१ मध्ये. मागे उरली बिअॅट्रिस. आईची पत्रं वाचायची, तिनं सांगितलेलं लिहून घ्यायचं, फिरायला निघाली की गाडीत शेजारी बसायचं, पुढे राणीची नजर अधू झाल्यावर सरकारी कागद तिला वाचून दाखवायचे, हे सगळं तिच्याकडे आलं. तिच्या आयुष्याकडे पाहणारे दोन तऱ्हेनं पाहतात. कोणी तिला मातृभक्तीचा आदर्श मानतात, कोणी आईच्या हट्टाचा बळी म्हणून हळहळतात. या दोन्ही निवाड्यांत त्याआधीचा एक प्रश्न राहून जातो. ही सेवा नेमकी कोणाची कृती होती? मुलीनं ती दिली, की आईनं ती घेतली? मातृसेवेला पुण्य म्हणायचं असेल, तर या प्रश्नाचं उत्तर आधी द्यावं लागेल.

मुलानं आपलं तारुण्य आईबापाला देणं म्हणजे काय, याचा विचार आपल्याकडे महाभारतानं फार बारकाईनं करून ठेवला आहे. शुक्राचार्यांच्या शापानं अकाली म्हातारा झालेला ययाती आपल्या पाच मुलांसमोर जाऊन त्यांचं तारुण्य मागतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू नकार देतात. सर्वांत धाकटा पुरू हो म्हणतो. या कथेत पुरूचा त्याग लक्षात राहतो, आणि त्याआधी आलेले चार नकार विसरले जातात. पण पुरूच्या होकाराला किंमत येते ती त्या नकारांमुळेच. नाही म्हणता येतं, हे त्याच्या डोळ्यांसमोर चारदा घडलेलं आहे. नकार देणाऱ्यांना ययातीनं शाप दिले, म्हणजे नकार फुकट नव्हता, हे खरं. पण तो शक्य होता. शिवाय ययातीनं काय मागतो आहे ते उघड सांगितलं, किती काळासाठी ते सांगितलं, आणि मुदत भरल्यावर तारुण्य परत केलं, राज्यही पुरूलाच दिलं. ययातीच्या स्वार्थाचं समर्थन कोणी करणार नाही. तरीही तो स्वार्थी बाप एक गोष्ट पाळतो: तो विचारतो. माझं म्हणणं इतकंच आहे की ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या हो-ला सेवा म्हणता येईल, पुण्य म्हणता येणार नाही. या कसोटीवर बिअॅट्रिसच्या चरित्रातला नैतिकदृष्ट्या सर्वांत उजळ काळ आईच्या पायाशी बसून काढलेल्या वर्षांचा ठरत नाही. तो १८८४ सालच्या त्या सात महिन्यांचा ठरतो, जेव्हा ती आईच्या मर्जीविरुद्ध उभी राहिली.

बिअॅट्रिसला कोणी विचारलं नाही, कारण विचारण्याच्या वयाआधीच तिचं काम ठरून गेलं होतं. घरात तिला बराच काळ 'बेबी' म्हणत. ती मोठी होत होती तशी तिच्यासमोर लग्नाचा विषय काढायचा नाही, असा दंडक दरबारात पडला. राणीचा खासगी चिटणीस सर हेन्री पॉन्सन्बी यालाही तो पाळावा लागे. हे साधं वाटलं तरी फार परिणामकारक असतं. एखाद्याला दार बंद करून कोंडण्यापेक्षा, दार आहे हेच त्याला कळू न देणं जास्त पक्कं. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ती मुलगी स्वखुशीनं बसलेली दिसते. राणीच्या बाजूनं बोलायचं तर तिचं दुःख खोटं नव्हतं. १८६१ च्याच मार्चमध्ये तिची आई गेली होती, डिसेंबरमध्ये नवरा गेला. ज्या माणसाच्या सल्ल्याशिवाय ती कागदावर सही करत नसे तो उठून गेला, आणि राज्य तर चालवायचंच होतं. अशा बाईनं मिळेल त्या मायेला घट्ट धरावं यात राक्षसी काही नाही. मात्र धरून ठेवणं म्हणजे काय असतं हे व्हिक्टोरियाला ठाऊक नव्हतं, असं म्हणायला जागा नाही. तिचं स्वतःचं बालपण केन्सिंग्टनच्या वाड्यात आई आणि तिचा कारभारी सर जॉन कॉनरॉय यांच्या कडक नियमांखाली गेलं होतं. ती आईच्याच खोलीत झोपे, एकटी कधी सोडली जात नसे. २० जून १८३७ ला ती राणी झाली, आणि तिनं पहिल्याच दिवशी केलेल्या गोष्टींपैकी एक म्हणजे आपला पलंग आईच्या खोलीतून हलवायला लावणं. अठराव्या वर्षी मिळालेल्या त्या एकांताची किंमत जिला इतकी नेमकी कळली, तिनं आपल्या मुलीला २७ वर्षांची होईपर्यंत त्याचा वाराही लागू दिला नाही. हे मला या सगळ्या कथेतलं सर्वांत जड वाटतं, कारण इथे अज्ञानाची सबब चालत नाही.

हा केवळ घरगुती मामला नव्हता. व्हिक्टोरिया इंग्लंडच्या चर्चची प्रमुख होती, आणि आईबापांचा मान राखावा ही आज्ञा त्या धर्मात दहा मूळ आज्ञांपैकी एक आहे. आज्ञाधारक मुलगी ही त्या काळच्या इंग्रजी घरात ख्रिस्ती सद्‍गुणाची मूर्तीच समजली जाई. पण त्याच धर्मग्रंथात या आज्ञेच्या दोन्ही बाजूंना बांध घातलेले आहेत. आरंभीच्या उत्पत्तीच्या पुस्तकातच लग्नाच्या वेळी माणूस आईबापांना सोडून जातो असं सांगितलं आहे. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात मुलांना आज्ञापालनाचा उपदेश करून झाल्याबरोबर बापांनाही बजावलं आहे की मुलांना चिरडीस आणू नका. म्हणजे मान राखण्याची आज्ञा मुलांना आहे. तिच्या जोरावर मुलांचं आयुष्य मागण्याचा परवाना आईबापांना दिलेला नाही. धर्माची आज्ञा ज्याच्यावर घातली आहे त्यानं ती पाळणं वेगळं आणि जिचा लाभ आपल्याला होतो ती दुसऱ्याकडून वसूल करणं वेगळं. हा फरक पुसला गेला की धर्म सोयीचा होतो, आणि तो नेहमी बलवानाच्या सोयीचा होतो. चर्चच्या नियमांचा आणखी एक धागा या चरित्रात आहे. १८७८ मध्ये अॅलिस घटसर्पानं गेली, तीही नेमकी १४ डिसेंबरला. तिच्या विधुर नवऱ्याशी, हेसेच्या लुईशी, बिअॅट्रिसचं लग्न लावावं असा विचार पुढे आला. पण मृत बायकोच्या बहिणीशी लग्न इंग्लंडच्या कायद्याला मान्य नव्हतं. तो कायदा १९०७ मध्ये बदलला. आपल्याकडे जी सोयरीक सर्वांत स्वाभाविक मानली गेली असती ती तिथे निषिद्ध होती. या सगळ्या चर्चेत मुलीच्या मनात काय आहे हा मुद्दा कुठेच मध्यभागी नव्हता.

मग १८८४ आलं. वसंतात डार्मश्टाटला अॅलिसच्या मुलीचं लग्न होतं, नवरदेव लुई ऑफ बॅटनबर्ग. तिथे त्याचा धाकटा भाऊ हेन्री बिअॅट्रिसला भेटला, आणि परत आल्यावर तिनं आईला सांगितलं की मला याच्याशी लग्न करायचं आहे. राणीनं बोलणं टाकलं. मे ते नोव्हेंबर, जवळजवळ सात महिने, आई आणि मुलगी एकाच घरात राहत होत्या, एकाच टेबलाशी बसत होत्या, आणि लागेल तो निरोप राणी चिठ्ठीवर लिहून सरकवत होती. हा अबोला कोणाचा होता ते विसरू नये. तो एका साम्राज्याच्या सम्राज्ञीचा होता, आणि ज्या मुलीवर तो धरला होता तिच्या जगात आईखेरीज दुसरं कोणी नव्हतं. तरीही बिअॅट्रिस आपल्या म्हणण्यावरून हटली नाही. तिनं घर सोडलं नाही, आरडाओरडा केला नाही, आईचं काम थांबवलं नाही. फक्त हो म्हटलं नाही. नात्यातल्या माणसांनी मध्यस्थी केली, आणि अखेर राणीनं संमती दिली; अट अशी की हेन्रीनं जर्मनीतलं आपलं लष्करी आयुष्य सोडून राणीच्या घरात येऊन राहायचं. २३ जुलै १८८५ ला आयल ऑफ वाइटवर, व्हिपिंगहमच्या सेंट मिल्ड्रेड चर्चमध्ये लग्न झालं. राणीनं स्वतःच्या लग्नातली लेस तिला घालायला दिली. मधुचंद्र ऑस्बोर्नपासून काही मैलांवरच्या क्वार अॅबीला, थोड्या दिवसांचा. या क्षणापासून पुढे आईजवळ राहणं ही बिअॅट्रिसनं स्वतः मान्य केलेली गोष्ट झाली. तडजोड होती, महाग होती, पण दोन बाजूंनी ठरवलेली होती. त्यापूर्वीच्या २३ वर्षांबद्दल हे म्हणता येत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप आपल्याच परंपरेतून येतो. आईचं ऋण कोणी निवडून घेत नाही. जन्माबरोबर ते डोक्यावर असतं. मग ते फेडण्यासाठी स्वातंत्र्याची अट घालणारे तुम्ही कोण? आईला देव मानण्याची शिकवण उपनिषदात आहे, तिथे पसंती-नापसंतीचा प्रश्न येतो कुठे? हा आक्षेप मी हलका समजत नाही. सगळं नैतिक जीवन करारावर उभं आहे, ही कल्पना मला मुळीच पटत नाही. न मागता मिळालेल्या गोष्टींचं उतराई होणं हा माणुसकीचा मोठा भाग आहे. पण महाराष्ट्रानं मातृपितृसेवेचा जो सर्वांत मोठा पुरुष मानला, त्या पुंडलिकाची कथा नीट पाहावी. कथेत पुंडलिक आधी आईबापांचा छळ करणारा आहे. बायकोच्या सुखासाठी त्यांना फरफटवत काशीच्या वाटेला लागलेला आहे. कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडतात, आणि मग तो माघारी फिरतो. त्याच्या सेवेआधी त्याचं पूर्ण स्वातंत्र्य आहे, ते त्यानं वाईट रीतीनं वापरलेलंही आहे. आईबाप त्याच्याकडे काही मागत नाहीत. आणि जेव्हा तो सेवेत मग्न असतो तेव्हा साक्षात विठ्ठलाला तो वीट फेकून थांबायला सांगतो. देवालाही थांब म्हणू शकणारा माणूस सेवा करतो आहे, म्हणून त्या सेवेपुढे देव तिष्ठत उभा राहिला. ऋण मान्य करणं आणि ऋणकोला ओलीस ठेवणं यात अंतर आहे. ऋणाला माप असतं, फेडण्याची रीत ऋणको ठरवतो, आणि फेडता फेडता तो स्वतः शिल्लक राहायला हवा. जे ऋण फेडणाऱ्याचं सगळं आयुष्य मागतं त्यात फेडणं उरत नाही.

दुसरा आक्षेप काळाचा. एकोणिसाव्या शतकातल्या राजकन्येला आजच्या संमतीच्या कल्पनेनं मोजणं अन्याय नाही का? त्या काळी धाकटी मुलगी आईजवळ राहणं ही रीतच होती. रीत होती, हे खरं. पण तिच्याविरुद्ध बोलणारे त्याच काळात, त्याच समाजात होते, आणि काही तर राणीच्या परिचयाचे होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलला राणी १८५६ मध्ये बाल्मोरलला भेटली होती. त्याच नाइटिंगेलनं 'कसँड्रा' या निबंधात उच्चकुलीन घरांतल्या मुलींचं आयुष्य घरच्यांच्या फुटकळ गरजांत कसं झिजून जातं यावर अत्यंत तळमळीनं लिहून ठेवलं होतं. जॉन स्टुअर्ट मिलचं स्त्रियांच्या दास्यावरचं पुस्तक १८६९ मध्ये निघालं. राणीला हे विचार माहीत होते. १८७० मध्ये तिनं स्त्रियांच्या हक्कांच्या चळवळीला रागानं धुडकावलं होतं, म्हणजे प्रश्न तिच्यापर्यंत पोचला होता. आणि इंग्लंडपर्यंत तरी कशाला जायचं? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ मधली. १८८४ मध्ये मुंबईच्या हायकोर्टात दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर दावा लावला, तेव्हा रखमाबाईंचं म्हणणं हेच होतं की अकराव्या वर्षी माझ्या संमतीवाचून झालेलं लग्न मला बांधील करू शकत नाही. न्यायमूर्ती पिन्ही यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये, बिअॅट्रिसच्या लग्नानंतर दोनच महिन्यांनी, दावा फेटाळला. पुढे तो निकाल फिरला आणि रखमाबाईंनी नवऱ्याकडे जाण्यापेक्षा तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. व्हिक्टोरियाच्याच राज्यात, सुतारजातीतली एक विशीतली मुलगी कोर्टात उभी राहून विचारत होती की लहानपणी दुसऱ्यांनी माझ्या वतीनं दिलेला शब्द माझा कसा? त्या काळाला हा प्रश्न सुचत नव्हता, असं मग कसं म्हणायचं?

तिसरा आक्षेप असा की बिअॅट्रिसनं स्वतः कधी तक्रार केली नाही. ती बहुधा सुखीच होती, आणि राजवाड्यातल्या मुलीचं दुःख ते काय! दुसऱ्या अर्ध्या भागाचं उत्तर थोडक्यात देता येतं. मँचेस्टरच्या गिरणीतल्या पोरीचे हाल या मुलीनं पाहिले नाहीत, हे निर्विवाद. पण त्यामुळेच हे उदाहरण विचाराला स्वच्छ आहे. गरीब घरात आजारी आईपाशी मुलगी थांबते तेव्हा तिथे अन्न-औषधाची, माणूसबळाची गरज असते, आणि त्या गरजेपुढे मुलीच्या इच्छेचा प्रश्न अवघड होऊन बसतो. राणीपाशी चिटणीस होते, डॉक्टर होते, मानकरी स्त्रिया होत्या. तिला मुलीच्या हातांची गरज नव्हती, मुलगीच हवी होती. आणि सुखाचं म्हणाल तर ती त्या वर्षांत दुःखी होती असा माझा दावा नाही. माणूस ज्या परिस्थितीत वाढतो तिच्याशी मन जुळवून घेतो, आणि ते जुळलेलं मन खरोखर शांत असू शकतं. पण तिला दुसरं काही नकोच होतं, असं मात्र म्हणता येत नाही, कारण दार दिसल्याबरोबर, पहिल्याच संधीला, तिनं त्याच्यासाठी सात महिने अबोला सोसला.

मात्र १८८५ च्या तडजोडीनं सगळं नीट झालं असंही मानू नये. त्या तडजोडीची किंमत बरीचशी हेन्रीनं भरली. आपल्या भाषेत तो घरजावई झाला, आणि सासू विश्वातली सर्वांत मोठी सम्राज्ञी. राणीला तो फार आवडू लागला. घरात पुरुषाचा आवाज आला, १८८६ ते १८९१ या काळात चार नातवंडं झाली, उदास झालेल्या घरात पुन्हा खेळ आणि नाटकं सुरू झाली. त्याला १८८९ मध्ये आयल ऑफ वाइटचं गव्हर्नरपद दिलं गेलं. पण सैनिक म्हणून वाढलेल्या माणसाला हे पुरलं नाही. १८९५ च्या अखेरीस त्यानं आग्रह धरून आशांतीच्या मोहिमेवर पश्चिम आफ्रिकेत जाण्याची परवानगी मिळवली, तिथे त्याला हिवताप झाला आणि २० जानेवारी १८९६ ला परतीच्या बोटीवर तो वारला. वय ३७. भीष्माची आठवण इथे येते. शंतनूनं मुलाजवळ काही मागितलं नव्हतं. तो फक्त झुरत राहिला, आणि देवव्रतानं बापाचं झुरणं ओळखून राज्यही सोडलं, लग्नही सोडलं. शब्दानं न केलेली मागणी कधी कधी शब्दानं केलेल्या मागणीपेक्षा जास्त घेऊन जाते, कारण तिला नकार देण्याची जागाच नसते. आणि त्या प्रतिज्ञेचा भार एकट्या भीष्मावर पडला नाही, अंबेवर पडला, सगळ्या कुळावर पडला. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये भीष्माच्या त्यागाची जी निर्भीड तपासणी केली तिचं मोल मला यात वाटतं: त्यागाची थोरवी पाहताना त्याचा खर्च कोणाच्या नावावर पडला तेही त्यांनी पाहिलं. एका माणसानं दुसऱ्यासाठी आपलं आयुष्य बाजूला ठेवलं की त्या आयुष्याशी जोडलेले सगळेच थोडे थोडे बाजूला सरतात.

आता माझ्याच कसोटीला अडचणीत आणणारी गोष्ट. व्हिक्टोरिया १८३२ पासून, वयाच्या तेराव्या वर्षापासून, रोज दैनंदिनी लिहीत आली होती, आणि आपल्या पश्चात ती बिअॅट्रिसनं तपासून नीट करावी असं तिनं सांगून ठेवलं होतं. १९०१ नंतर बिअॅट्रिसनं हे काम हाती घेतलं. आईच्या वह्या उघडायच्या, वगळायचं ते वगळून बाकीचा मजकूर स्वतःच्या अक्षरात निळ्या वह्यांत उतरवायचा, आणि उतरवून झालं की मूळ जाळून टाकायचं. या कामात दशकं गेली. तिच्या हातची नक्कल १११ खंडांची आहे. आरंभीच्या वर्षांची, १८४० पर्यंतची, एक वेगळी प्रत लॉर्ड ईशरनं तयार करवून ठेवली होती. त्यामुळे तेवढ्या काळापुरतं ताडून पाहता येतं की मुलीच्या नकलेत आई किती सौम्य, किती सोवळी झाली आहे. आता विचारा: हे काम कोणी सक्तीनं करून घेतलं? आई गेली होती. राजा भाऊ होता, पुढे भाचा. बिअॅट्रिस स्वतंत्र होती, पन्नाशी-साठीची होती, मान होता, पद होतं. सेवेला पुण्य म्हणण्यासाठी स्वातंत्र्य हवं असं मी म्हटलं, तर ही सेवा संपूर्ण स्वतंत्र होती. मग ती पुण्य का नव्हे?

मला वाटतं, स्वातंत्र्य हा पुण्याचा उंबरठा आहे. तो ओलांडल्यावर कृती चांगली की वाईट हे वेगळं पाहावंच लागतं. स्वखुशीनं केलेला त्याग माणसाचा स्वतःचा असतो, म्हणून त्याचा दोषही त्याच्याच पदरी पडतो. पहिल्या २३ वर्षांचा जाब बिअॅट्रिसला विचारणं निर्दयपणाचं होईल. जाळलेल्या वह्यांचा जाब विचारता येतो. तिच्या बाजूनं म्हणता येईल की खासगी लिखाण लिहिणाऱ्याचं असतं, आणि आईची इच्छा तशीच होती. पण आईनं तपासायला सांगितलं होतं, आणि ती बाई साठाहून अधिक वर्षं एका साम्राज्याच्या गादीवर होती. तिच्या मनात त्या साम्राज्याबद्दल काय चाललं होतं हे केवळ घरचं प्रकरण नव्हतं. आपल्याला याची झळ थेट लागते. आग्र्याहून आलेल्या मुन्शी अब्दुल करीमकडे राणीची जी पत्रं होती ती तिच्या निधनानंतर सातव्या एडवर्डच्या हुकमानं जाळण्यात आली. राणीनं त्याच्याकडून हिंदुस्तानी शिकताना लिहिलेल्या वह्या मात्र शिल्लक राहिल्या, आणि त्यांतून एका वेगळ्याच म्हाताऱ्या, उत्सुक विद्यार्थिनीचं दर्शन घडतं. जळलेल्या पानांत अशी किती माणसं होती कोणास ठाऊक. जी मुलगी हयात आईच्या सात महिन्यांच्या मौनाला पुरून उरली, तिला मेलेल्या आईच्या मनाविरुद्ध एकही खरं वाक्य ठेवता आलं नाही. मला यात भक्तीचा कळस दिसत नाही. आईवर प्रेम करणं म्हणजे ती जशी होती तशी, रागीट, हावरी, उत्कट, जगासमोर उभी राहू देणं. तिच्या जागी तिची सोयीची प्रतिमा बसवणं हे त्या प्रेमातही कमी पडणं आहे. पुढे २०१२ मध्ये या दैनंदिन्या सर्वांना वाचायला खुल्या झाल्या, तेव्हा बहुतेक सगळ्या काळासाठी वाचकांच्या हाती आली ती मुलीनं दाखवायची ठरवलेली आई.

असं असूनही तिच्या आयुष्याचा हिशेब या वह्यांवर बंद करणं मला मान्य नाही. बिअॅट्रिस स्वतः ३८ व्या वर्षी विधवा झाली, आईपेक्षाही लहान वयात. पदरी तीन मुलगे आणि एकुलती एक मुलगी, व्हिक्टोरिया युजेनी, घरात एना म्हणत. जिच्या आईनं वैधव्यात धाकट्या मुलीला धरून ठेवलं, त्या बाईसमोर तोच प्रसंग आला, आणि तेच करण्याचा धडा तिला आयुष्यभर गिरवायला मिळाला होता. १९०६ मध्ये स्पेनचा राजा तेरावा अल्फान्सो यानं एनाला मागणी घातली. वाटेत धर्म होता: एनाला प्रॉटेस्टंट पंथ सोडून कॅथलिक व्हावं लागणार होतं, आणि इंग्लंडमध्ये त्यावर मोठी ओरड झाली. बिअॅट्रिसला ती ओरड कारण म्हणून पुरली असती. तिच्या हातात धर्म होता, लोकमत होतं, स्वतःचं वैधव्य होतं. मुलीला जवळ ठेवायला याहून भक्कम सबबी कोणाला मिळणार? तिनं मुलीला जाऊ दिलं, आणि ३१ मे १९०६ ला माद्रिदमध्ये लग्न लागलं तेव्हा ती तिथे हजर होती. लग्नाच्या मिरवणुकीवर बाँब पडला, नवरीच्या पांढऱ्या पोशाखावर रक्त उडालं, ती बचावली. मुलीच्या पोटी रक्त न गोठण्याचा वंशाचा आजार आला, नवऱ्याशी तिचं पटलं नाही, १९३१ मध्ये गादीही गेली. स्पेनची राणी होण्याचा मान बिअॅट्रिसला मोहवत नव्हता असं कोणी म्हणणार नाही, आणि हे लग्न सुखाचं झालं नाही हेही खरं. पण अठरा वर्षांच्या एनाला निदान विचारलं गेलं होतं, तिनं उत्तर दिलं होतं, आणि ते उत्तर ऐकून एका विधवा आईनं आपला हात सोडला होता.